मागच्या टेबलावरचे स्वादुपिंड

“डॉक्टर, किडनी बदलतात, लिव्हर बदलतात, मग स्वादुपिंड का बदलत नाहीत? एकदाचा मधुमेहच जाईल!” मधुमेहाच्या ओपीडीत महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न कानावर येतो. विचारणारा बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो, पोट थोडे सुटलेले असते आणि गोळ्यांच्या तीन-चार पट्ट्या पिशवीतून निघून टेबलावर आलेल्या असतात. त्याला मी सांगते की स्वादुपिंड बदलता येते, १९६६ सालापासून बदलता येते; पण तुमचे बदलून फारसे काही साधणार नाही. तुमच्या शरीरात इन्सुलिन आहे, शरीर त्याचे ऐकत नाही, हा तुमचा आजार आहे. नवे स्वादुपिंड आणून बसवले तरी काही दिवसांनी त्याचेही कोणी ऐकणार नाही. टाइप २ मधुमेहाच्या मोजक्या, सडपातळ रुग्णांमध्ये ही शस्त्रक्रिया करतात, पण तो अपवाद.

ज्यांना ती खरोखर उपयोगी पडते ते रुग्ण वेगळे. टाइप १ मधुमेह लहानपणीच गाठतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. शाळेच्या दप्तरात इन्सुलिन बाळगत वाढलेली ही मुले पस्तिशीला येतात तेव्हा त्यांतल्या काहींची मूत्रपिंडे थकलेली असतात. डायलिसिस सुरू होतो, मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासाठी नाव लागते. प्रत्यारोपण झाले की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावीच लागतात. मग त्याच औषधांच्या छत्राखाली स्वादुपिंडही का बसवू नये, असा साधा हिशेब आहे. म्हणूनच जगात बहुतेक स्वादुपिंडे मूत्रपिंडाच्या सोबतीने, एकाच दात्याकडून, एकाच रात्री बसवली जातात. नुसते स्वादुपिंड बसवण्याची वेळ येते ती साखर केव्हा धोकादायक खाली घसरते हे ज्यांना कळेनासेच होते, अशा थोड्या रुग्णांवर.

अवयवदानाची बातमी छापून येते तेव्हा तिच्यात रुग्णवाहिका असते, ग्रीन कॉरिडॉर असतो, किती मिनिटांत किती किलोमीटर कापले याचा आकडा असतो. नंतर एकदम ‘शस्त्रक्रिया यशस्वी’. मधला एक टप्पा बातमीत कधीच येत नाही. पेटी थिएटरात पोहोचल्यापासून अवयव रुग्णाच्या पोटात जाईपर्यंत मधे एक टेबल असते. मुख्य ऑपरेशन टेबलाच्या मागे, भिंतीकडेला. सर्जन त्याला ‘बॅक टेबल’ म्हणतात. मूत्रपिंडाचे तिथले काम साधारण अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. स्वादुपिंडाला दोन तास लागतात, कधी तीन. मी फिजिशियन आहे, सुरी हातात धरत नाही. पण काही वर्षांपूर्वी एका प्रत्यारोपण केंद्रात हे काम जवळ उभे राहून पाहायला मिळाले. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की या शस्त्रक्रियेचे निम्मे भवितव्य रुग्णाच्या पोटावर छेद घेण्याआधीच, या टेबलावर ठरलेले असते.

ते का, हे समजायला आधी या अवयवाचा स्वभाव समजून घ्यावा लागेल.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे टेकून बसलेले असते. लांबी साधारण पंधरा सेंटिमीटर, वजन ८० ते १०० ग्रॅम. रंग फिकट गुलाबी-पिवळसर, पोत मऊ आणि रवाळ. मूत्रपिंडाला जसे घट्ट आवरण असते तसे त्याला नाही. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणाच्या कुशीत अडकलेले आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. प्लीहा म्हणजे आपली जुनी माणसे जिला पाणथरी म्हणतात ती. हा अवयव दोन धंदे करतो. रक्तात इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींची बेटे त्याच्यात विखुरलेली असतात. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये प्रथम वर्णन केली. बेटे सुमारे दहा लाख, पण सगळी मिळून वजन ग्रंथीच्या एक-दोन टक्के. उरलेले जवळजवळ सगळे स्वादुपिंड पाचक रस बनवते. रोज लिटर-दीड लिटर रस एका नळीतून आतड्यात जातो आणि आपण खाल्लेली डाळ, तूप, भाकरी पचवतो.

गोम इथेच आहे. रुग्णाला हवी असतात ती एक-दोन टक्के बेटे, पण त्यांच्याबरोबर तो पचवणारा कारखाना अख्खा घ्यावा लागतो. स्वादुपिंडाला जोरात दाबले, चिमट्यात पकडले, कुठे फाटले, रक्तपुरवठा फार वेळ तुटला, की हे रस बाहेर झिरपतात आणि ज्या ग्रंथीने बनवले तिलाच पचवायला लागतात. पॅन्क्रियाटायटिस झालेला रुग्ण ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या वेदनेची कल्पना असेल. शिकाऊ सर्जनला स्वादुपिंडाबद्दल पहिला धडा मिळतो तो हात न लावण्याचा.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी १७ डिसेंबर १९६६ रोजी पहिले स्वादुपिंड बसवले. रुग्ण २८ वर्षांची स्त्री, मधुमेहाने मूत्रपिंडे गेलेली. त्यांनी स्वादुपिंडाचा एक भाग घेतला, त्याची नळी बांधून टाकली आणि सोबत मूत्रपिंड बसवले. काही दिवस तिला बाहेरून इन्सुलिन लागले नाही. नंतर त्रास सुरू झाला आणि दोन-अडीच महिन्यांत ती गेली. नळी बांधून रस कोंडता येत नाही, हे त्या रुग्णाने शिकवले. लिलेहाय यांनी पुढे मार्ग बदलला. अख्खे स्वादुपिंड आणि त्याला चिकटलेला आतड्याचा तुकडा, असे दोन्ही एकत्र घ्यायचे, म्हणजे रसाला वाहायला वाट राहते. पुढच्या वीस वर्षांत नळीत रसायन भरून ती बुजवणे, रस मूत्राशयात सोडणे असे अनेक प्रयोग झाले. शेवटी बहुतेक सर्जन आतड्याच्या त्या तुकड्याकडेच परतले. बॅक टेबलावर आज जो ऐवज येतो तो हाच: स्वादुपिंड, आतड्याचा पहिला भाग आणि शेपटीला लोंबणारी पाणथरी.

हा ऐवज येतो कुठून, तेही थोडक्यात. भारतात मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते आणि मगच मेंदूमृत्यू जाहीर होतो. स्वादुपिंडासाठी दाता तरुण लागतो, सडपातळ लागतो, मधुमेह किंवा दारूचा इतिहास नसलेला लागतो. वय वाढते तसे स्वादुपिंडात चरबी शिरते आणि ते पुढचा प्रवास सोसत नाही. सरळ सांगायचे तर चांगले स्वादुपिंड बहुतेक वेळा डोक्याला मार लागलेल्या विशी-तिशीतल्या मुलाचे असते. आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात अशी मुले कोणत्या वाहनावरून आणि डोक्यावर काय नसताना येतात, हे इथे लिहायची गरज नाही.

दात्याच्या थिएटरात दोन तुकड्या शेजारी शेजारी काम करतात, एक यकृताची, एक स्वादुपिंडाची. दोघांना एकाच झाडाच्या फांद्या हव्या असतात. यकृताकडे जाणारी धमनी आणि स्वादुपिंडाला रक्त देणाऱ्या दोन धमन्यांपैकी एक, या दोन्ही एकाच खोडातून फुटतात. यकृताविना रुग्ण जगत नाही, म्हणून खोड यकृताला मिळते. स्वादुपिंडाच्या वाट्याला पाणथरीकडे जाणाऱ्या धमनीचे तोडलेले टोक येते. हे टोक आक्रसून मांसात आत लपते, म्हणून कापण्याआधी त्याला निळ्या धाग्याची एक खूण बांधतात. पोर्टल व्हेन ही जाड शीरही दोघांना हवी असते. ती कुठे कापायची हे दोन सर्जनांनी आधी बोलून ठरवायचे असते. काही माणसांत तर यकृताची एक धमनी स्वादुपिंडाच्या मागून जाते. मग ही वाटणी आणखी नाजूक होते. दोन्ही बाजूंचे सर्जन अनुभवी आणि समजूतदार असले तर दोन्ही अवयव नीट निघतात. नसले तर कोणाचा बळी जातो हे मी सांगायला नको.

रक्तप्रवाह थांबवतात त्या क्षणी थंड द्रव महाधमनीतून सोडतात. अवयवांतले रक्त धुऊन निघते आणि ते फिकट पडतात. घड्याळ इथून सुरू होते. हा द्रव म्हणजे साधे सलाइन नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात तो तयार केला. थंडीत पेशी फुगून फुटू नयेत म्हणून त्यात मोठ्या आकाराचे रेणू घातलेले असतात. त्यांतला एक रॅफिनोज. चवळी-राजमा खाल्ल्यावर ज्या साखरांमुळे पोट फुगते त्यांतलीच ही एक. आपल्या आतड्याला ती पचत नाही, पेशीच्या आतही शिरत नाही, आणि इथे तोच तिचा गुण ठरतो. या द्रवामुळे स्वादुपिंड पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकू लागले. तरी सर्जनांचा प्रयत्न असतो की पहिल्या थंड द्रवापासून रुग्णाच्या पोटात पुन्हा रक्त वाहीपर्यंत बारा तासांच्या आत सगळे उरकावे. यातलेच दोन-तीन तास बॅक टेबल खाते.

आता त्या टेबलाकडे येऊ. स्टीलचे मोठे भांडे, त्यात निर्जंतुक बर्फाचा चुरा, त्याच्यात दुसरे भांडे आणि त्यात तो द्रव. अवयव तिहेरी पिशवीतून काढून यात बुडवतात. बर्फ अवयवाला थेट लागू द्यायचा नाही, लागला तर तिथली पेशी गोठते. तापमान चार अंशांच्या आसपास. वर दिव्याची प्रखर तिरीप असते, पण तिची ऊबही नको म्हणून भांड्यात पुन्हा पुन्हा बर्फ पडत राहतो. सर्जनच्या डोळ्यांवर भिंगाचा चष्मा. बोटे अर्ध्या तासात बधिर होतात. मधेच हातमोजे बदलायच्या निमित्ताने ती चोळून घेतात, एवढीच काय ती विश्रांती.

पहिले काम बघण्याचे. रक्तगटाचा कागद अवयवाशी आणि रुग्णाशी ताडून पाहायचा, आणि मग अवयव. बोटांना तो मऊ लागतो की दगडासारखा? रवे सुटे दिसतात की मधे चरबी गच्च भरली आहे? कुठे रक्त साकळले आहे का, काढताना कुठे चीर गेली आहे का, पाणी धरून सुजला आहे का? धमन्यांची टोके शाबूत आहेत का, शीर पुरेशी लांब आहे का? यासाठी कुठले यंत्र नाही. प्रयोगशाळेतले दात्याचे सगळे आकडे चांगले असतात आणि भांड्यातले स्वादुपिंड हाताला घट्ट, चिवट लागते, असे घडते. मग ते बाजूला ठेवायचे. जगभर स्वादुपिंडे मोठ्या प्रमाणावर अशी नाकारली जातात, यकृत-मूत्रपिंडांपेक्षा खूपच जास्त. पलीकडे रुग्णाला उपाशी ठेवलेले असते, रक्त तयार असते, नातेवाइकांनी रात्रभर देव पाण्यात ठेवलेले असतात. अशा वेळी ‘नको’ म्हणणे फार जड जाते. पण वाईट स्वादुपिंड बसवले तर रुग्णाचा जीव धोक्यात येतो, आणि न बसवले तर तो इन्सुलिनवर जगू शकतो. यकृताच्या सर्जनला हा पर्याय नसतो. म्हणून स्वादुपिंडाच्या सर्जनला ‘नको’ म्हणता आलेच पाहिजे, आणि त्याच्या रुग्णालयाने त्याबद्दल त्याला जाब विचारता कामा नये, असे मला वाटते. मूत्रपिंड चांगले असेल तर रुग्णाला निदान तेवढे बसवता येते.

अवयव पसंत पडला की कापाकापी सुरू होते, आणि ती जवळजवळ सगळी कडेकडेने. स्वादुपिंड हातात धरायचे नसते. मग धरायचे कशाला? एका बाजूला आतड्याच्या तुकड्याला आणि दुसऱ्या बाजूला पाणथरीला. कढई जशी दोन कानांनी उचलावी तसे. काढताना, धुताना, उलटताना पाणथरी मुठीचे काम करते. ते झाले की तिची गरज संपते. बहुतेक ठिकाणी बॅक टेबलावरच तिच्या रक्तवाहिन्या एकेक करून बांधतात आणि ती कापून वेगळी करतात. गाठी शेपटीच्या फार जवळ आल्या तर शेपटी चेपते, फार लांब ठेवल्या तर तिथे रक्ताची बंद गल्ली उरते.

या बंद गल्लीबद्दल थोडे थांबून सांगावे लागेल. पाणथरी रक्ताने तुडुंब भरलेला अवयव आहे. तिच्याकडे जाणाऱ्या धमनीतले बहुतेक रक्त तिच्यासाठीच असते, स्वादुपिंड वाटेत आपल्यापुरते घेते. पाणथरी काढली की त्याच रुंद वाहिन्यांतून आता थोडेसेच रक्त सावकाश वाहते. पावसाळ्यातल्या ओढ्याच्या पात्रात उन्हाळ्यातली धार. सावकाश वाहणारे रक्त गोठते. नवे स्वादुपिंड पहिल्या आठवड्यात निकामी होते तेव्हा शरीराने ते नाकारले, असे लोकांना वाटते. बहुधा ते कारण नसते. बहुधा शिरेत गुठळी झालेली असते. मूत्रपिंडाच्या मानाने स्वादुपिंडात हा धोका कितीतरी जास्त. म्हणून टेबलावर कुठे वाहिनीला पीळ पडू नये, कुठे ती गरजेपेक्षा लांब राहू नये, कुठे आतले अस्तर ओरबाडले जाऊ नये, यावर एवढा जीव टाकतात.

पाणथरीनंतर भोवतालची चरबी आणि तिच्यातल्या बारीक वाहिन्या. त्या नुसत्या कापल्या तर इथे काहीच दिसत नाही, कारण रक्तच नाही. रुग्णाच्या पोटात रक्त सुरू झाले की मात्र त्यांतली प्रत्येक वाहिनी वाहू लागते, आणि तेव्हा पोटात उघड्या स्वादुपिंडाला टाके घालत बसणे म्हणजे आगीत हात घालणे. त्यामुळे इथे बर्फात प्रत्येक कणाला रेशमी गाठ. एक गाठ, दुसरी गाठ, शंभरावर गाठी सहज होत असतील. पाहणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो. मलाही वाटला. मदतनीस सर्जन मात्र डोळे न हलवता धागा पुढे करत होता. पित्तनळीचे कापलेले टोक बांधायचे, यकृताकडे जाणारी जी फांदी तोडली तिचे टोक बांधायचे, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्याचे मूळ स्टेपलरने बंद करून त्यावर पुन्हा शिवण घालायची. आतड्याच्या तुकड्याची दोन्ही टोके आखूड करून बंद करायची, पण इतकीही आखूड नाही की नळीचे तोंड त्यात सापडेल. आतड्याच्या आत जंतू असतात. त्यातले काही भांड्यातल्या द्रवात सांडले तर नंतर औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या पोटात जंतूंची पेरणीच होईल. म्हणून दात्याच्या आतड्यात आधीच जंतुनाशक औषध सोडलेले असते, आणि हे काम करताना हत्यारे वेगळी ठेवतात.

आता सगळ्यांत सुंदर भाग. स्वादुपिंडाला दोन धमन्या आहेत: शरीर आणि शेपटीला पाणथरीकडे जाणारी, डोक्याला आतड्यांकडे जाणारी. यकृताला खोड देऊन टाकल्यामुळे दोन्हींची टोके सुटी राहिली. रुग्णाच्या शरीरात दोन्ही वेगवेगळ्या जोडायच्या तर वेळ दुप्पट लागेल आणि धोकाही. यावर सर्जनांनी उपाय काढला तो दात्याच्याच शरीरातून. ओटीपोटात पायाकडे जाणारी मोठी धमनी एका जागी दोन फांद्यांत फुटते, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी किंवा गलोलीच्या बेचक्यासारखी. दात्याकडून ही बेचकी दोन्ही बाजूंची काढून घेतात; एक यकृताच्या तुकडीला, लागलीच तर, आणि एक स्वादुपिंडाला. बॅक टेबलावर बेचकीची एक फांदी पाणथरीच्या धमनीला आणि दुसरी आतड्याच्या धमनीला जोडतात. बेचकीची दांडी तेवढी मोकळी राहते. रुग्णाच्या पोटात ही एकच दांडी एका जागी शिवली, की दोन्ही धमन्यांत रक्त सुरू.

धागा केसासारखा, सुई पापणीसारखी वाकडी. टाका बाहेरून आत, आतून बाहेर. फांदीला अर्धा पीळ जरी पडला तरी तो इथे दिसत नाही, रिकामी धमनी चपटी पडलेली असते. रक्त भरल्यावर दिसतो. म्हणून सर्जन मधेच तिच्यात द्रव भरून ती फुगवून पाहतो, मान वाकडी करून कोन पाहतो, पोटात गेल्यावर ती कशी बसेल याचे मनात चित्र काढतो.

रक्तवाहिन्या शिवण्याच्या या कलेचा उगम फ्रान्समधल्या लियाँ शहरातला आहे. १८९४ मध्ये तिथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुऱ्याचा वार झाला. वार पोर्टल व्हेनमध्ये गेला होता. भोवती निष्णात सर्जन होते, पण फाटलेली शीर शिवायची कशी हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. राष्ट्राध्यक्ष गेले. त्याच शहरात शिकणाऱ्या आलेक्सी कॅरेल या तरुणाला ही गोष्ट बोचली. त्याने शहरातल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुईचे काम शिकून घेतले आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. आज बॅक टेबलावर सर्जन जी शीर इतकी जपतात, ती तीच पोर्टल व्हेन. त्या बाईला नोबेलमधले काही मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही.

शेवटी परीक्षा. बेचकीच्या दांडीतून सिरिंजने थंड द्रव हलके सोडतात. तो दोन्ही फांद्यांतून ग्रंथीत शिरून पोर्टल व्हेनमधून स्वच्छ बाहेर यायला हवा. वाटेत जिथे थेंब दिसेल तिथे आणखी एक गाठ. डोक्याकडचा आणि शेपटीकडचा रक्तपुरवठा आतून एकमेकांना जोडलेला आहे का, तेही याच वेळी कळते. हे सगळे पार पडले की स्वादुपिंड ओल्या थंड कापडात गुंडाळून मुख्य टेबलाकडे जाते.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण त्यावर बरेच लिहिले गेले आहे. रुग्णाचे स्वतःचे स्वादुपिंड काढत नाहीत. ते इन्सुलिन बनवत नसले तरी पाचक रस बनवतच असते. नवे स्वादुपिंड खाली ओटीपोटात, बहुधा उजवीकडे बसवतात आणि मूत्रपिंड डावीकडे. आतड्याचा तुकडा रुग्णाच्या आतड्याला जोडतात. क्लॅम्प सुटतात, फिकट ग्रंथी काही सेकंदांत गुलाबी होते. भूलतज्ज्ञ दर तासाला, कधी त्याहून लवकर, साखर मोजत असतात. नवे स्वादुपिंड कामाला लागले की आकडा उतरू लागतो आणि इन्सुलिनचा पंप हळूहळू कमी करत बंद करावा लागतो. अनुभवी केंद्रांत मूत्रपिंडासह बसवलेल्या दहांपैकी साडेआठ-नऊ स्वादुपिंडे वर्षभरानंतर काम करत असतात. आकडा चांगला आहे. पण उरलेल्या एका-दीड रुग्णाला बहुतेक वेळा दुसऱ्यांदा पोट उघडावे लागलेले असते, आणि औषधांची किंमत, वारंवार तपासण्या, जंतुसंसर्गाची भीती ही सगळ्यांनाच जन्मभर.

भारतात वर्षाला हजारो मूत्रपिंडे बसवली जातात. स्वादुपिंडे काही डझन. चंडीगडच्या पीजीआयसारख्या सरकारी संस्थेने हे काम नेटाने केले आहे, दक्षिणेत काही खासगी रुग्णालये करतात, महाराष्ट्रात अगदी थोडे. यावर ‘प्रत्येक जिल्ह्यात केंद्र काढा’ असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बर्फातल्या त्या गाठी वर्षातून दोनदा बांधून हात तयार होत नाही. राज्यात दोन-तीन केंद्रे असावीत, त्यांत एक तरी सरकारी असावे, आणि तिथे तरुण सर्जनांना नाकारलेल्या स्वादुपिंडांवर, कुटुंबाच्या संमतीने, सराव करू द्यावा. तोवर टाइप १ च्या मुलांना इन्सुलिनबरोबर साखर मोजायच्या पट्ट्याही पुरेशा मिळाल्या, आणि वर्षातून एकदा त्यांच्या लघवीतली प्रथिने तपासली गेली, तर या टेबलापर्यंत येण्याची वेळच अनेकांवर येणार नाही. पट्ट्या स्वस्त नाहीत, पण डायलिसिसच्या मानाने काहीच नाहीत.

दात्याच्या नातेवाइकांना एक गोष्ट आधी सांगितलेली बरी असते. अवयवदानाच्या प्रतिज्ञापत्रात हृदय, यकृत, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांच्याबरोबर रक्तवाहिन्यांचाही उल्लेख असतो. तो कशासाठी, हे त्या रात्री विचारायचे भान कोणाला नसते. तो या बेचकीसाठी आहे. ती काढल्याने शरीरावर वेगळी जखम दिसत नाही. पोटाचा जो छेद घेतलेला असतो त्यातूनच ती काढतात, तो छेद नेहमीसारखा शिवतात आणि मग देह घरच्यांच्या ताब्यात देतात. समन्वयकाला याबद्दल काहीही विचारायचे असेल तर सही करण्याआधी खुशाल विचारावे. उत्तर देणे हे त्यांचे कामच आहे.